ऑफ-रोड इलेक्ट्रिक बाइकची मोटर आणि कंट्रोलर बदलताना: बॅटरीपासून चाकापर्यंतचा क्रम

मोटर आणि कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) बदलूनही बाइक पूर्वीसारखीच चालते, किंवा पहिल्याच चढावर बंद पडते, अशी तक्रार अनेकांकडून येते. तपासून पाहिले तर बहुतेक वेळा दोष नव्या सामानात नसतो, क्रमात असतो. आधी मोठा कंट्रोलर घेतला जातो, मग त्याला शोभेल अशी मोटर, आणि बॅटरीचा विचार शेवटी होतो. प्रत्यक्षात बॅटरी किती करंट देऊ शकते यावर पुढची प्रत्येक निवड ठरते, म्हणून या लेखातील टप्पे त्याच दिशेने मांडले आहेत.

येथे गृहीत धरलेली बाइक सर-रॉन लाइट बी या वर्गातील आहे: ६० व्होल्टची बॅटरी, मध्यभागी मोटर आणि मागच्या चाकाला चेन. तिच्यावर ७२ व्होल्टची बॅटरी, क्यूएस १३८ जातीची ३ किलोवॉटची मोटर आणि मोबाइल ॲपवरून सेटिंग होणारा फारड्रायव्हरसारखा कंट्रोलर बसवायचा आहे. सामान दुसऱ्या कंपनीचे असले तरी क्रम बदलत नाही. चाकाच्या हबमध्ये मोटर असेल तर टप्पा ३ आणि ६ मधील चेनचा भाग सोडावा. मात्र ॲक्सल फिरून वायरी पिळवटू नयेत म्हणून टॉर्क आर्म न चुकता लावावा.

आधी कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा बदल करता येत नाही. नोंदणीतून सुटणाऱ्या इलेक्ट्रिक दुचाकीची मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो. येथे वर्णन केलेली बाइक या दोन्ही चौकटींच्या बाहेरची आहे. ती खासगी जागेत किंवा ट्रॅकवरच चालवावी. सह्याद्रीतील पुष्कळ वाटा वनखात्याच्या हद्दीत आहेत, त्यामुळे ‘रस्ता नाही म्हणजे चालेल’ हा समजही चुकीचा आहे.

## टप्पा १: बॅटरी खरोखर किती करंट देते ते ठरवा

बॅटरीवर लिहिलेल्या ॲम्पिअर-अवरवरून तिची ताकद कळत नाही. ‘४० एएच’ लिहिलेले दोन पॅक ताकदीच्या बाबतीत एकमेकांच्या जवळपासही नसू शकतात. सॅमसंग ५०ई हा सेल ५ एएचचा आहे आणि त्याची सतत करंट देण्याची मर्यादा ९.८ ॲम्पिअर आहे. असे ८ सेल समांतर जोडून ४० एएचचा पॅक केला तर तो फार तर ७८ ॲम्पिअर देईल, म्हणजे ७२ व्होल्टवर साधारण ५.६ किलोवॉट. मॉलीसेल पी४२ए हा ४.२ एएचचा सेल कागदावर ४५ ॲम्पिअर देतो. त्याचे १० सेल समांतर जोडून ४२ एएचचा पॅक केला आणि प्रत्येक सेलवर २० ॲम्पिअरचाच भार ठेवला, तरी पॅकमधून २०० ॲम्पिअर मिळतात. क्षमता जवळजवळ तीच, पण पहिल्या पॅकवर मोठा कंट्रोलर लावणे म्हणजे सेल जाळण्याची तयारी करणे.

म्हणून पॅक करणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: सेलचे नाव, किती सेल समांतर जोडले आहेत ती संख्या, आणि बीएमएसची (बॅटरीवर देखरेख ठेवून गरज पडल्यास वीज तोडणाऱ्या सर्किटची) सतत करंट देण्याची मर्यादा. सेलची एकत्रित मर्यादा आणि बीएमएसची मर्यादा यांतील लहान आकडा हा तुमच्या बाइकचा ‘बॅटरी करंट’. तो कागदावर लिहून ठेवावा, कारण टप्पा ७ आणि ११ मध्ये तोच लागणार आहे.

६० व्होल्टचा पॅक बहुधा १६ सेलच्या मालिकेचा असतो आणि पूर्ण भरल्यावर ६७.२ व्होल्ट दाखवतो. ७२ व्होल्टचा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पॅक २० सेलच्या मालिकेचा असून पूर्ण भरल्यावर ८४ व्होल्ट दाखवतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा हिशेब वेगळा आहे: २४ सेलची मालिका पूर्ण भरल्यावर ८७.६ व्होल्टपर्यंत जाते. कंट्रोलरची कमाल व्होल्टेज मर्यादा या पूर्ण भरलेल्या आकड्याशी ताडून पाहावी, ‘७२’ या नावाशी नव्हे.

तपासणी: जुन्या बाइकवर पूर्ण थ्रॉटल देऊन चढ चढताना व्होल्टेज किती खाली येते ते डिस्प्लेवर पाहा. जुनी बॅटरी आत्ताच ८-१० व्होल्ट खाली येत असेल, तर तिच्यावर नवा कंट्रोलर लावून उपयोग नाही.

## टप्पा २: कंट्रोलरवरचा मोठा आकडा कशाचा आहे ते वाचा

सर्वाधिक गैरसमज येथे होतात. फारड्रायव्हरच्या एनडी७२४५० सारख्या नावातील ४५० हा फेज करंट, म्हणजे मोटरच्या वायरींतून वाहणारा करंट आहे, बॅटरीतून खेचला जाणारा करंट नव्हे. कंट्रोलर बॅटरीच्या जास्त व्होल्टेजचे आणि कमी करंटचे रूपांतर मोटरसाठी कमी व्होल्टेज आणि जास्त करंट असे करतो. म्हणून बाइक जागेवरून उठताना बॅटरीतून ४० ॲम्पिअर जात असताना मोटरच्या वायरींतून ३०० ॲम्पिअर वाहू शकतात. जोर म्हणजे टॉर्क फेज करंटवर ठरतो. वेग वाढल्यावर टिकणारी ताकद बॅटरी करंटवर ठरते.

यातून खरेदीचा साधा नियम निघतो. कंट्रोलरची बॅटरी करंटची मर्यादा तुमच्या पॅकच्या आकड्याहून थोडी वर असावी आणि फेज करंट मोटरला झेपेल इतका असावा. फार मोठा कंट्रोलर घेतल्याने नुकसान होत नाही, पण बोजड खोका फ्रेममध्ये बसत नाही आणि सेटिंग चुकल्यास मोटर वाचवायला काहीच उरत नाही.

मोटरचा सेन्सर कोणता आहे तेही आत्ताच पाहावे. मोटर कोणत्या स्थितीत आहे हे कंट्रोलरला कळवण्यासाठी काही मोटरींत तीन हॉल सेन्सर असतात, काहींत सिन-कॉस एन्कोडर असतो. कंट्रोलर दोन्ही वाचू शकतो का, हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न सोडता पत्रकात पाहावे.

## टप्पा ३: गिअरचे प्रमाण आधी कागदावर मांडा

मोटर तीच ठेवून व्होल्टेज ६० वरून ७२ केले तर वेग साधारण २० टक्के वाढतो. दगडधोंड्यांत हा वाढीव वेग निरुपयोगी असतो, उलट संथ चढावर मोटर कमी फेऱ्यांत अडकून तापते. जुना वेग कायम ठेवून वाढीचा फायदा जोरात घ्यायचा असेल, तर ४८ दातांच्या मागच्या स्प्रॉकेटऐवजी (चेनच्या दातेरी चक्राऐवजी) ५८ दातांचे लावावे.

मोटरही बदलत असाल तर नव्याने हिशेब करावा. मोटरच्या मिनिटाच्या फेऱ्यांना एकूण गिअर प्रमाणाने (चाकाच्या एका फेरीला मोटरच्या किती फेऱ्या लागतात त्या संख्येने) भागावे आणि उत्तराला टायरच्या परिघाने गुणावे. उदाहरणार्थ ४००० फेऱ्या, एकूण प्रमाण ८ आणि ७०/१००-१९ चा टायर (परीघ सुमारे १.९५ मीटर) घेतला, तर चाक मिनिटाला ५०० फेरे घेते आणि बाइक ताशी साधारण ५९ किलोमीटर धावते. ओढे, खडक आणि शेताचे बांध यांसाठी एवढे पुरेसे आहे. त्याहून जास्त वेग हवा असेल तर आधी ब्रेक आणि सस्पेन्शनवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

## टप्पा ४: हमखास विसरल्या जाणाऱ्या वस्तू

७२ व्होल्टवर जाताना जुना चार्जर चालत नाही. दिवे आणि हॉर्न चालवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टरही बहुतेक वेळा ८४ व्होल्ट सोसत नाही, आणि पहिल्यांदा चावी फिरवताच धूर निघतो तो बऱ्याचदा यातूनच. डिस्प्ले आणि चावीची वायर यांचीही व्होल्टेज मर्यादा पाहावी. फेज केबल (कंट्रोलरपासून मोटरपर्यंतच्या जाड वायरी), थिंबल (केबलच्या टोकाला लावायची धातूची कडी), फ्यूज, प्रीचार्ज रेझिस्टर (त्याचे काम टप्पा ७ मध्ये) आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी नळी) आणून ठेवल्याशिवाय जुनी बाइक उघडू नये.

## टप्पा ५: जुने सामान काढणे

१. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवा. ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोकादायक समजला जातो आणि पूर्ण भरलेला पॅक ८४ व्होल्टचा असतो.

२. चावी बंद करा, बॅटरीचा कनेक्टर काढा आणि बॅटरी बाइकपासून दूर ठेवा. नुसती सैल करून जागेवर ठेवू नका.

३. कंट्रोलरमधील कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) अजून भरलेले असतात. त्याच्या बॅटरीकडील दोन टोकांवर १०० ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर काही सेकंद धरा आणि मग मल्टिमीटरने मोजा. वाचन ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय पाना लावू नका. टोके स्क्रूड्रायव्हरने जोडून ‘ठिणगी काढण्याची’ पद्धत कपॅसिटर आणि डोळे दोन्हींसाठी वाईट आहे.

४. प्रत्येक वायरीचा फोटो घ्या आणि प्रत्येक टोकाला कागदी पट्टी चिकटवा. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, दोन कंपन्यांचे रंग जुळतीलच असे नाही.

## टप्पा ६: मोटर बसवणे

नवी मोटर जुन्याच भोकांत बसेल असे गृहीत धरू नये. ॲडॅप्टर प्लेट लागत असेल तर ती जाड आणि सपाट असावी. वाकलेल्या प्लेटमुळे पुढचे स्प्रॉकेट किंचित तिरके बसते आणि चेन काही तासांतच एका बाजूने घासू लागते. बोल्ट हलके आवळून ठेवावेत, दोन्ही स्प्रॉकेटांच्या बाजूला सरळ पट्टी लावून रेषा पाहावी आणि मगच पूर्ण आवळावेत. या बोल्टांवर निळे थ्रेडलॉक लावावे. ते विजेच्या टोकांवर मात्र कधीही लावू नये.

चेनचा ढिलेपणा बाइक स्टँडवर असताना ठरवू नये. मागे कुणाला बसवून सस्पेन्शन दाबावे आणि स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट, मोटरचा दांडा व मागचा ॲक्सल एका रेषेत येतील तेव्हा पाहावे, कारण चेन सर्वाधिक ताणली जाते ती याच स्थितीत.

## टप्पा ७: केबल, थिंबल, फ्यूज आणि प्रीचार्ज

या टप्प्याला घाई चालत नाही. केबलमधील उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. १५० ॲम्पिअरला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल दर मीटरला सुमारे ६५ वॉट उष्णता तयार करते, १० ची सुमारे ३९ आणि १६ ची सुमारे २५ वॉट. टप्पा १ मध्ये लिहिलेला आकडा १५० च्या आसपास असेल तर १६ ची केबल घ्या आणि ती शक्य तितकी आखूड ठेवा. कनेक्टरलाही हाच नियम लागू होतो. एक्सटी९० हा कनेक्टर फार तर ९० ॲम्पिअरचा आहे आणि १५० ॲम्पिअरच्या पॅकवर तोच कच्चा दुवा ठरतो.

थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबावे. पकडीने चेपून वर सोल्डर ओतण्याची पद्धत सर्रास दिसते. तिच्यात सोल्डर जिथे संपते तिथेच केबल कडक होते आणि बाइकच्या थरथराटाने त्याच जागी तार तुटते. दाबून झाल्यावर केबल जोरात ओढून पाहावी. एखादा तंतू जरी सरकला तरी ते थिंबल कापून नवे लावावे.

टोकावर आधी थिंबल, मग वॉशर, मग नट असा क्रम ठेवा. वॉशर थिंबलच्या खाली गेला तर सगळा करंट स्टीलच्या त्या पातळ चकतीतून वाहतो, ती तापते आणि कंट्रोलरचे टोक काळे पडते. जळालेल्या टोकाच्या कंट्रोलरचा नट सोडून पाहिला तर बऱ्याचदा हेच सापडते. नट टॉर्क पान्याने पत्रकात दिलेल्या मापापर्यंतच आवळावा.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, अधिक बाजूच्या केबलवर असावा आणि त्याची डीसी व्होल्टेज मर्यादा ८४ च्या वर असावी. कारमधील ब्लेड फ्यूज ३२ व्होल्टचे असतात. ८४ व्होल्टवर तो वितळला तरी आतली ठिणगी विझत नाही आणि फ्यूज असूनही आग लागते. घरातील एसी एमसीबीही याच कारणाने चालत नाही.

प्रीचार्जची गरज अशी की रिकाम्या कपॅसिटरवर भरलेली बॅटरी थेट जोडली की क्षणभर शेकडो ॲम्पिअरचा झोत जातो, कनेक्टरचे तोंड खरवडते आणि बीएमएसचे मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) मरू शकतात. मुख्य जोडणीच्या आधी १०० ओहमच्या रेझिस्टरमधून दोन-तीन सेकंद जोडले तर सुरुवातीचा करंट एक ॲम्पिअरच्याही खाली राहतो. ठिणगीरोधक कनेक्टरमध्ये ही सोय आतच असते.

इशारा: फेज केबल फ्रेमच्या धारदार कडेवरून किंवा चेनजवळून नेऊ नका. कोकणातील तांबडा चिखल आणि घाटमाथ्यावरचा पाऊस ध्यानात घेता सर्व कनेक्टरांची तोंडे खाली वळवा, म्हणजे पाणी साठणार नाही.

## टप्पा ८: सिग्नलच्या वायरी

हॉल सेन्सरच्या वायरींत ५ व्होल्ट, ग्राउंड, तीन सिग्नल आणि बहुधा तापमानाची एक वायर असते. या वायरी फेज केबलींपासून शक्य तितक्या लांबून न्याव्यात. शेजारून गेल्या तर जास्त करंटला मोटर गचके देते आणि दोष मोटरवर ढकलला जातो.

थ्रॉटलला तीन वायरी असतात. मोकळ्या स्थितीत सिग्नल साधारण ०.८ व्होल्ट आणि पूर्ण पिळल्यावर ४ च्या आसपास असतो. तुमच्या थ्रॉटलचे दोन्ही आकडे मोजून ठेवा. ग्राउंडची वायर तुटली तर सिग्नल ५ व्होल्टकडे झेपावतो आणि कंट्रोलरला वाटते की स्वाराने पूर्ण थ्रॉटल दिला आहे. म्हणून वरच्या आकड्याच्या थोडे पुढे ‘दोष’ समजण्याची मर्यादा सेट करणे अत्यावश्यक आहे. ब्रेकचा कट-ऑफ स्विच (ब्रेक दाबताच मोटरची ताकद तोडणारा) जोडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ९: पहिल्यांदा वीज देणे

१. मागचे चाक जमिनीपासून उचला, बाइक पट्ट्याने बांधा आणि चेनजवळ कुणी उभे नाही याची खात्री करा.

२. बॅटरी जोडण्यापूर्वी अधिक आणि उणे केबल मल्टिमीटरने तपासा. उलट जोडणीत कंट्रोलर तत्क्षणी जातो आणि त्याची वॉरंटी कुणी देत नाही.

३. थेट बॅटरीऐवजी आधी ६० वॉटचा जुना घरगुती पिवळा दिवा मालिकेत लावून जोडा. दिवा क्षणभर उजळून विझला तर ठीक. तो उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

४. प्रीचार्ज करून बॅटरी जोडा आणि चावी फिरवा. चाक हाताने सावकाश फिरवत तीनही हॉल सिग्नल मोजा. प्रत्येक सिग्नल ० आणि ५ व्होल्टच्या जवळपास आळीपाळीने बदलला पाहिजे. तिन्ही एकाच वेळी शून्य किंवा एकाच वेळी पाच कधीही दिसू नयेत.

## टप्पा १०: मोटरची ओळख

कंट्रोलरचे ॲप उघडून आधी मूळ सेटिंगचे स्क्रीनशॉट घ्या. मोटरच्या पोल जोड्यांची (चुंबकीय ध्रुवांच्या जोड्यांची) संख्या भरा (क्यूएस १३८ साठी ५) आणि मग ऑटो-लर्न, म्हणजे कंट्रोलरने मोटर स्वतः ओळखण्याची क्रिया, सुरू करा. या वेळी चेन काढलेली असावी किंवा चाक पूर्ण मोकळे असावे, कारण मोटर स्वतःहून फिरणार असते. ओळख संपल्यावर हलका थ्रॉटल द्या आणि मोकळ्या चाकावर बॅटरीतून जाणारा करंट पाहा. तो फक्त काही ॲम्पिअर असावा. मोटर घरघरत असेल, जोर लावत असेल किंवा करंट भलताच दिसत असेल, तर ओळख चुकली आहे. थ्रॉटल वाढवून ‘बसेल’ म्हणू नका. पुन्हा करा. चाक उलटे फिरत असेल तर ॲपमधील दिशा बदला.

## टप्पा ११: मर्यादा भरण्याचा क्रम

आधी संरक्षणाच्या मर्यादा भरायच्या, ताकद शेवटी. किमान व्होल्टेज एनएमसीच्या २० सेलसाठी ६२ च्या आसपास ठेवावे, म्हणजे बीएमएसने अचानक तोडण्याआधी कंट्रोलर हळूहळू ताकद कमी करेल. मोटरचे तापमान १२० अंशांवर आणि कंट्रोलरचे सुमारे ८५ अंशांवर मर्यादित करावे. तापमान सेन्सरची जात ॲपमध्ये बरोबर निवडली आहे का, याची एक सोपी खूण आहे: रात्रभर उभ्या असलेल्या बाइकच्या मोटरचे तापमान हवेइतकेच दिसले पाहिजे. तिथे ७० किंवा उणे २० दिसत असेल, तर १२० ची मर्यादा कागदावरच आहे.

त्यानंतर बॅटरी करंट टप्पा १ मधील आकड्याच्या ५० टक्के आणि फेज करंट मोटरच्या मर्यादेच्या ४० टक्के भरा. रीजन (वेग कमी करताना मोटरने बॅटरी चार्ज करणे) सुरुवातीला बंद ठेवा. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर, उतारावर रीजन चालू असताना बीएमएसने चार्जिंग तोडले, तर व्होल्टेज उसळते आणि कंट्रोलरचे मॉस्फेट फुटतात. वेग वाढवणारे फ्लक्स वीकनिंगही बंदच असू द्या. त्याच्या जोरावर मोटर फार वेगात फिरत असताना कंट्रोलर थांबला, तर मोटर स्वतःच बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज उलटे पाठवते.

## टप्पा १२: मैदानावरील चाचणी

पहिली फेरी सपाट, मोकळ्या जागेत, हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड घालून घ्यावी आणि बॅटरी तोडणारा स्विच हाताशी असावा. पाच मिनिटे चालवून थांबा आणि वीज तोडून केबलचे प्रत्येक टोक, कनेक्टर आणि फ्यूज तपासा. केबल कोमट चालेल, पण एखादेच टोक इतरांपेक्षा गरम असेल तर ती जोडणी सैल किंवा खराब आहे. सर्व समान असेल तर दोन्ही करंट १० टक्क्यांनी वाढवा आणि हीच फेरी पुन्हा करा.

ताकद वाढवणे कुठे थांबवायचे ते तापमानच सांगते. तुमच्या नेहमीच्या लांब चढावर मोटर ९० ते १०० अंशांवर स्थिरावत असेल, तर ते सेटिंग योग्य आहे. तापमान चढतच जात असेल तर फेज करंट कमी करण्याआधी गिअरचे प्रमाण तपासा. बहुतेक वेळा मागचे स्प्रॉकेट लहान पडलेले असते. चढावर बाइक झटक्यात मरून चावी फिरवल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर ते बीएमएसचे काम आहे आणि बॅटरी करंट कमी करावा लागेल.

पहिल्या तासाभराच्या चालवण्यानंतर सगळे विजेचे नट आणि मोटरचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, चेन पुन्हा ताणा आणि ॲपमधील अंतिम सेटिंगचे स्क्रीनशॉट जुन्यांच्या शेजारी ठेवा. कंट्रोलर कधी बदलावा लागला, तर हे आकडे पुन्हा शोधत बसावे लागणार नाहीत.